सव्वाशे मायक्रोसेकंदांचं माप

टेलिफोनवाल्यांच्या कागदावर १५५.५२ असा आकडा असतो आणि हार्ड डिस्कच्या कागदावर २०. पहिला आकडा एसटीएम-१ नावाच्या दूरसंचार जोडणीचा, दुसरा फास्ट वाइड स्कझी नावाच्या डिस्कच्या केबलचा. १९९०च्या दशकात ज्यांनी एका शहरातल्या डिस्कवरची माहिती रोज रात्री दुसऱ्या शहरात उतरवून ठेवण्याची व्यवस्था बसवली, त्यांना हे दोन कागद शेजारी ठेवून एकच गोष्ट ठरवावी लागे: यातलं कोण कोणाला अपुरं पडणार?

ढोबळ उत्तर सगळ्यांना माहीत आहे. दूरसंचारात वेग बिटांमध्ये मोजतात, साठवणुकीत बाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून आठाने भागा. १५५.५२ ला आठाने भागलं की १९.४४ येतात, म्हणजे सेकंदाला १९.४४ मेगाबाइट. स्कझीचे २०. दोन्ही जवळपास सारखे, काम झालं.

हे उत्तर चुकीचं नाही. पण एवढ्यावर विसंबून बॅकअपचं वेळापत्रक आखलं, तर सकाळी कर्मचारी कामावर येतात तेव्हा ते संपलेलं नसण्याची शक्यता मोठी आहे. ते आकडे कुठे उभं राहून मोजले आहेत, हे भागाकार सांगत नाही. तारेवरून जाणारं सगळं मोजलं आहे की आपल्या कामाचं तेवढंच? सतत मिळणारा वेग मोजला आहे की मधूनमधून गाठता येणारा? हे कळायचं तर दोन्ही घराण्यांच्या मुळाशी जावं लागतं. सुरुवात टेलिफोनपासून करू, कारण त्याच्याकडे एक फार उपयोगी माप आहे.

टेलिफोनवर माणसाचा सगळा आवाज जात नाही. ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो आणि बोलणं समजायला तो पुरतो. दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडून वरची मर्यादा ४००० हर्ट्झ धरली जाते. एखाद्या लहरीचे नमुने तिच्या सर्वांत वरच्या वारंवारतेच्या दुपटीने घेतले तर त्यांतून ती लहर पुन्हा उभी करता येते. या विचाराचा पाया हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८च्या लेखात आहे. म्हणून सेकंदाला ८००० नमुने, आणि प्रत्येक नमुना आठ बिटांचा. ८००० गुणिले ८ म्हणजे ६४,००० बिट. आवाजाचे असे आकडे करून पाठवण्याची कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्ज यांनी १९३८ सालीच मांडली होती, पण निर्वात नळ्यांच्या काळात ती परवडणारी नव्हती. ट्रान्झिस्टर आले तेव्हा कुठे ती जमिनीवर उतरली.

१९६२ साली अमेरिकेत बेल कंपनीने टी-१ ही जोडणी सुरू केली. शहरात जमिनीखाली आधीच टाकलेल्या तांब्याच्या तारांवर सुमारे ६००० फुटांच्या अंतराने मॅनहोल होते. त्याच ठिकाणी सिग्नल पुन्हा ताजा करणारी यंत्रं बसवायची होती. तेवढ्या अंतरात तांबं जेवढं निभावून नेईल तेवढे संवाद एका जोडीवर बसवले, ते २४ निघाले. २४ संवादांचे प्रत्येकी आठ बिट म्हणजे १९२, आणि मोजणी कुठून सुरू करायची ते समजावं म्हणून वर एक खुणेचा बिट. अशा १९३ बिटांची एक फ्रेम आणि सेकंदाला ८००० फ्रेम. म्हणून टी-१ चा वेग १.५४४ मेगाबिट. हा आकडा ओबडधोबड दिसतो, पण त्याच्या पोटात रस्त्याखालचं तांबं आहे.

युरोपने नंतर वेगळी मांडणी केली. एका फ्रेममध्ये ३२ खाने, त्यांतला एक मोजणीच्या खुणेला, एक कॉल लावण्या-तोडण्याच्या निरोपांना आणि ३० संवादांना. ३२ गुणिले ६४,००० म्हणजे २.०४८ मेगाबिट. ही ई-१. भारताने हीच पद्धत घेतली. कार्यालयांना मिळणारी पीआरआय लाइन ३० चॅनेलची असते ती म्हणूनच, आणि एक्स्चेंजमधले लोक ई-१ ला ‘टू एमबी’ म्हणतात तेही म्हणूनच. त्यांच्या तोंडातला हा एमबी मेगाबिटांचा आहे. डिस्कवाल्याच्या कानाला तो मेगाबाइट ऐकू येतो आणि तिथेच आठपटींची चूक होऊन बसते.

आता ते माप. सेकंदाला ८००० फ्रेम म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदांना एक. फोनवरच्या एका संवादाचा या वेळात बरोबर एक बाइट पुढे जातो. ही रचना ठरल्या वेळेला सुटणाऱ्या लोकलसारखी आहे: डबे ठरलेले, प्रत्येक डबा कोणाचा तेही ठरलेलं, आणि डबा रिकामा असला तरी गाडी वेळेवर सुटणारच. म्हणून माझी शिफारस अशी, की टेलिफोन आणि डिस्क यांची तुलना करताना दोघांनाही या सव्वाशे मायक्रोसेकंदांच्या मापात ओतावं. टेलिफोनची एक लाइन म्हणजे एक बाइट. टी-१ म्हणजे २४ बाइट आणि वर एक बिट. ई-१ म्हणजे ३२ बाइट. दशांश चिन्हं गळून जातात आणि आकड्यामागची रचना दिसू लागते.

डिस्क या मापात ओतून पाहू. १९८० साली शुगार्ट टेक्नॉलॉजीने, म्हणजे पुढे जिचं नाव सीगेट झालं त्या कंपनीने, एसटी-५०६ नावाची हार्ड डिस्क काढली. तिची क्षमता होती ५ मेगाबाइट. तिची केबल आणि संदेशपद्धत इतकी रुजली की पुढे बरीच वर्षं वैयक्तिक संगणकातल्या डिस्क याच पद्धतीने बोलत राहिल्या. तिचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट. इथे डिस्कचाही आकडा बिटांमध्येच आहे, कारण वाचणाऱ्या डोक्याखालून एकामागोमाग एक बिटच सरकतात आणि त्या केबलवरून ते तसेच जातात.

५ मेगाबिट म्हणजे आठाने भागून सेकंदाला ६,२५,००० बाइट. तबकडी मिनिटाला ३६०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ६०. एका फेऱ्यात डोक्याखालून साधारण १०,४१६ बाइट जातात. पण त्या वर्तुळावर, म्हणजे ट्रॅकवर, आपली माहिती किती? ५१२ बाइटचे १७ सेक्टर, म्हणजे ८,७०४ बाइट. उरलेली जागा सेक्टरांच्या पत्त्यांना, तपासणीच्या आकड्यांना आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यांना जाते. तबकडीचा वेग एखाददुसऱ्या टक्क्याने हलला तरी एका सेक्टरवर दुसरा लिहिला जाऊ नये, म्हणून त्या पट्ट्या लागतातच. म्हणजे ६,२५,००० चे ५,२२,२४० झाले.

अजून एक थर सुटायचा आहे. १९८३च्या आयबीएम एक्सटी संगणकाचं नियंत्रक कार्ड एक सेक्टर वाचून तो मेमरीत टाकेपर्यंत पुढचे सेक्टर डोक्याखालून निघून जात. म्हणून सेक्टरांचे क्रमांक सलग न टाकता सहा-सहा घरांच्या अंतराने टाकलेले असत. पूर्ण ट्रॅक वाचायला सहा फेरे लागत. ५,२२,२४० भागिले ६ म्हणजे ८७,०४०. कागदावर ५ मेगाबिट लिहिलेल्या डिस्कमधून संगणकाला सेकंदाला जेमतेम ०.७ मेगाबिट मिळत होते.

सव्वाशे मायक्रोसेकंदांच्या मापात हे ११ बाइटसुद्धा नाहीत. ई-१ चे मात्र ३२. त्या संगणकाच्या डिस्कवर ३०६ सिलिंडर आणि प्रत्येकात चार ट्रॅक, म्हणजे एकूण १,२२४ ट्रॅक होते. डोकं सरकवायला लागणारा वेळ सोडून दिला, तरी सगळी डिस्क वाचायला १२२ सेकंद लागत. तीच १ कोटी ६ लाखांच्या वरची बाइटसंख्या ई-१ च्या ३१ खान्यांतून ४३ सेकंदांत पलीकडे जाऊ शकते. नुसते ५ आणि २.०४८ हे आकडे पाहणाऱ्याला डिस्क अडीचपट वेगवान वाटेल. प्रत्यक्षात तीच मागे पडते.

१९८६ साली स्कझी प्रमाणित झाली आणि डिस्क केबलवर आठ तारांमधून एका वेळी एक अख्खा बाइट देऊ लागली. इथून साठवणुकीचे आकडे बाइटमध्ये आले, आणि ते साहजिक होतं: तारा जितक्या रुंद, तितकं एकदम. सेकंदाला ५० लाख वेळा बाइट ठेवायचा म्हणजे ५ मेगाबाइट. पुढे फास्ट स्कझीने वेळा दुप्पट केल्या, वाइडने तारा दुप्पट केल्या आणि २० मेगाबाइट झाले. मग ४०, ८०, १६० आणि ३२० अशी दुपटीची चढण. पर्सनल संगणकातली आयडीई किंवा एटीए केबल मुळातच १६ तारांची. तिच्या सर्वांत हळू पद्धतीत दर ६०० नॅनोसेकंदांना दोन बाइट ठेवले जात, त्यातून सेकंदाला ३.३ मेगाबाइट हा आकडा निघतो.

तिकडे दूरसंचारातही उलथापालथ चालू होती. जुन्या पद्धतीत प्रत्येक ई-१ चं घड्याळ थोडं वेगळं चाले. ठरलेल्या वेगापेक्षा दहा लाखांत ५० इतका फरक चालवून घेतला जाई, म्हणजे सेकंदाला शंभरेक बिट कमी-जास्त. अशा अनेक जोडण्या एकत्र बांधताना फरक भरून काढायला अधूनमधून भरतीचे बिट घालावे लागत. अमेरिकेतली टी-३ जोडणी २८ टी-१ मिळून बनते. २८ गुणिले १.५४४ म्हणजे ४३.२३२, पण टी-३ चा वेग ४४.७३६ मेगाबिट आहे. वरचा दीड मेगाबिट खुणांचा आणि या भरतीचा. तिची स्वतःची चौकट १०६.४ मायक्रोसेकंदांची, तरी आपल्या मापात सरासरी बरोबर ६९९ बाइट येतात आणि त्यांत ६७२ संवाद बसलेले असतात. मूळच्या स्कझीचे याच मापात ६२५ बाइट होतात, म्हणजे दोन्ही एका उंचीचे.

१९८८ साली सिंक्रोनस पद्धतीची आंतरराष्ट्रीय मानकं आली आणि सगळ्या जाळ्याने एकाच घड्याळाकडे बघायचं ठरलं. एसटीएम-१ ची फ्रेम म्हणजे ९ ओळी आणि २७० स्तंभांचा बाइटचा तक्ता, दर १२५ मायक्रोसेकंदांना एक. ९ गुणिले २७० म्हणजे २,४३० बाइट. या तक्त्यातलं कोणतंही एक घर पकडलं आणि प्रत्येक फ्रेममध्ये तेवढंच वाचत गेलं, तर ६४,००० बिटांचा एक प्रवाह मिळतो, टेलिफोनच्या एका लाइनएवढा. विसाव्या शतकातल्या अभियांत्रिकीत इतकी देखणी आणि इतकी उपयोगी रचना मला फार थोडी दिसते.

फास्ट वाइड स्कझीचे सव्वाशे मायक्रोसेकंदांत २,५०० बाइट होतात, एसटीएम-१ चे २,४३०. हे प्रमाण ०.९७२. पुढच्या पायऱ्यांवर गेलो तरी ते हलत नाही. एसटीएम-४ चा वेग ६२२.०८ मेगाबिट, म्हणजे ७७.७६ मेगाबाइट, समोर स्कझीचे ८०. एसटीएम-१६ चा २४८८.३२ मेगाबिट, म्हणजे ३११.०४ मेगाबाइट, समोर ३२०. प्रत्येक वेळी ०.९७२. दोन्ही घराण्यांनी एकमेकांना विचारून हे ठरवलेलं नाही. एकाने चौपटीने चढायचं ठरवलं, दुसऱ्याने दुपटीने, आणि आरंभीचे आकडे योगायोगाने जवळ आले. पण ज्याला हा योगायोग ठाऊक आहे त्याला कागद-पेन्सिल न घेता सांगता येतं, की कोणती डिस्कची केबल कोणत्या फायबर-जोडणीच्या तोडीची आहे.

तोडीची, पण कागदावर. आता एसटीएम-१ सोलून पाहू. २७० स्तंभांपैकी ९ जाळ्याच्या देखरेखीला जातात आणि एक वाटेवरच्या तपासणीला. उरले २६०, म्हणजे २,३४० बाइट, म्हणजे १४९.७६ मेगाबिट. १९९०च्या दशकात यावर बहुधा एटीएम असे. पैसे देणाऱ्या यंत्राशी त्याचा संबंध नाही. ही ५३ बाइटच्या तुकड्यांनी माहिती पाठवण्याची पद्धत आहे. ५३ पैकी ५ बाइट पत्त्याला आणि ४८ मालाला. हे ४८ कुठून आले? युरोपला ३२ हवे होते, कारण तुकडा लहान असेल तर तो आवाजाने भरायला वेळ कमी लागतो आणि प्रतिध्वनी दाबणारी यंत्रं बसवायचा खर्च वाचतो. अमेरिकेला ६४ हवे होते. शेवटी मधला आकडा घेतला. त्यानंतर जगात कुठेही, कोणाच्याही डिस्कवरची माहिती एटीएमवरून गेली की तिने दर ५३ बाइटमागे ५ बाइटांचं भाडं भरलं. टेलिफोनवरच्या बोलण्यासाठी झालेली ही तडजोड होती.

इंटरनेटच्या पद्धतीचं १५०० बाइटचं पॅकेट घेतलं तर त्यात आपला माल १,४६० बाइट असतो. ते एटीएमच्या तुकड्यांत बसवायला ३२ तुकडे लागतात, म्हणजे तारेवर १,६९६ बाइट. सगळं सोलून हाती येतात सेकंदाला सुमारे १६.१ मेगाबाइट. शंभर गिगाबाइटची डिस्क दुसऱ्या शहरात उतरवायची असेल तर नुसतं आठाने भागणारा ८६ मिनिटं धरेल, प्रत्यक्षात १०३ लागतील, आणि तेही वाटेत काही बिघडलं नाही तर.

स्कझीच्या २० चंही असंच आहे, पण तिथे सोलायचं वेगळ्या अंगाने. हा वेग फक्त माहिती देण्या-घेण्याच्या टप्प्यातला. आज्ञा, उत्तर आणि निरोप हे टप्पे आठच तारांवर, एकमेकांची पोच घेत, सावकाश होतात. शिवाय वाइड केबल एकूण १६ उपकरणांत वाटून घ्यायची असते. टेलिफोनचा आकडा ही जमीन आहे: घड्याळ चालू आहे तोवर तेवढे बाइट मिळणारच, कमी नाही आणि जास्तही नाही. डिस्कचा आकडा हे छत आहे. या दोघांना एका ओळीत लिहिणारे तक्ते सर्रास छापले जातात, आणि ही एक गोष्ट सांगितल्याशिवाय ते छापले जातात याचं मला वाईट वाटतं.

आठाने न भागता दहाने भागण्याचेही प्रसंग येतात, आणि त्यांची कारणं निरनिराळी आहेत. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमाने भारतात इंटरनेट सर्वांना खुलं केलं, तेव्हा डायल-अपवर ९६०० बिटांचा वेग नेहमीचा होता. साध्या असिंक्रोनस मोडेमवर प्रत्येक बाइटच्या आधी एक सुरुवातीचा आणि शेवटी एक थांबण्याचा बिट जातो. आठाचे दहा झाले, म्हणून ९६०० म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. २००३च्या सुमारास आलेल्या साटा डिस्कचा वेग दीड गिगाबिट, आणि तिथेही दहानेच भागून १५० मेगाबाइट येतात. पण तिथे कारण आयबीएमच्या अल विडमर आणि पीटर फ्रानाझेक यांनी १९८३ साली मांडलेल्या संकेताचं आहे. आठ बिटांच्या जागी दहा बिटांचा असा नमुना पाठवायचा, की तारेवर शून्यं आणि एक यांचा तोल राहावा आणि पलीकडच्या घड्याळाला ताल धरता यावा. एसटीएम-१ हेच काम एक बिटही न वाढवता, ठरलेल्या सूत्राने बिट ढवळून करतं. त्यामुळे तिथे आठानेच भागायचं.

राहिला १०२४ चा घोळ. दूरसंचारात किलो म्हणजे नेहमी १०००. ई-१ चे २०४८ किलोबिट संगणकी वळणाचे दिसतात, पण ते २०,४८,००० आहेत. ते ३२ गुणिले ६४ मुळे आले, दोनाच्या घातामुळे नाही. स्कझीचे २० मेगाबाइटही दोन कोटीच. मात्र संगणकाच्या पडद्यावर बऱ्याचदा १०२४ गुणिले १०२४ चा मेगाबाइट असतो, आणि त्या हिशेबाने एसटीएम-१ चे १९.४४ हे १८.५४ होतात. फ्लॉपीच्या ‘१.४४ मेगाबाइट’मध्ये तर दोन्हींची खिचडी आहे: १४४० गुणिले १०२४. १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १०२४ च्या पटींसाठी वेगळी नावं ठरवून दिली, पण बाजाराने ती पुरती उचलली नाहीत.

दोन्ही घराण्यांची गाठ मुद्दाम घालून दिल्याचीही उदाहरणं आहेत. ध्वनीच्या सीडीतून सेकंदाला १४,११,२०० बिट निघतात, टी-१ मधून मालाचे १५,३६,०००. चलच्चित्रांसाठीचं एमपेग-१ हे मानक साधारण दीड मेगाबिटांच्या आत बसवलं ते याच पट्ट्यात. २००२ साली दहा गिगाबिट इथरनेट आलं तेव्हा त्याच्या दोन जाती कराव्या लागल्या: एक बरोबर दहाची, संगणकांसाठी, दुसरी थोडी मंद, एसटीएम-६४ च्या ९.९५३२८ गिगाबिटांच्या चौकटीत मावणारी.

आणि यूएसबी. तिच्या मूळ आराखड्यात संगणक टेलिफोनला जोडणं हा एक उद्देश स्पष्ट लिहिलेला होता. २००० साली आलेल्या यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट, आठाने भागून ६० मेगाबाइट. पण त्या वेगाने कोणतीही पेनड्राइव्ह कधी चालली नाही. यूएसबी २.० चा वेळ सूक्ष्म-फ्रेममध्ये वाटलेला असतो आणि अशी एक सूक्ष्म-फ्रेम बरोबर १२५ मायक्रोसेकंदांची. तिच्यात ७,५०० बाइटची जागा असते, पण पत्ते, पोचपावत्या आणि मधल्या मोकळ्या वेळा वजा जाता साठवणुकीच्या कामाची ५१२ बाइटची जास्तीत जास्त १३ पॅकेट मावतात. १३ गुणिले ५१२ म्हणजे ६,६५६ बाइट, गुणिले ८,०००, म्हणजे सेकंदाला ५३.२४८ मेगाबाइट.